फोनवरून केलेल्या बागेची वाटणी

मी, खाली सही करणारा, घरातला धाकटा, धंदा कारखान्यांच्या उंच चिमण्यांना दोरावर लटकून रंग देण्याचा, राहणार कंपनी ठेवील तिथे, हे माझं मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या अकलेने आणि वरच्या पलंगावरच्याच्या पेनाने लिहून ठेवतो. माझं डोकं ठिकाणावर आहे. तसं डॉक्टरचं प्रमाणपत्र कंपनीकडे आहे. घरच्यांकडे मागू नये, ते देणार नाहीत. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. सोमवारी आमची टोळी इथल्या सगळ्यात उंच चिमणीवर चढणार आहे आणि कचेरीतला कारकून सगळ्यांना म्हणाला, "ज्याचं मागे काही असेल त्याने लिहून ठेवावं, नंतर आमच्या डोक्याला ताप नको." याला दबाव म्हणत असतील तर तेवढा आहे.

जड शब्द मी बाबांच्या मृत्युपत्रातून उचलले आहेत. माझं शिक्षण सातवीत आटोपलं. तेव्हा जिथे भाषा कळणार नाही तिथे ती बाबांच्या वकिलाची समजावी आणि जिथे कळेल तिथे माझी.

कलम पहिले: स्थावर.

बाबांनी घर थोरल्याला दिलं आणि घरासमोरचं अंगण मला. कारणही लिहून ठेवलं: "धाकटा घरात टिकत नाही, सबब त्यास अंगण पुरे." पोराची एवढी चेष्टा शिक्का मारून नोंदवलेली दुसरीकडे नसेल. पण एक गोष्ट त्यांच्या ध्यानात राहिली नाही. घराचं दार अंगणात उघडतं. म्हणजे दादाला स्वतःच्या घरात शिरायचं तर आधी माझ्या जमिनीवर पाय ठेवावा लागतो, आणि तो ठेवताना त्याचं तोंड बघण्यासारखं होतं.

अंगणाची चतुःसीमा अशी. पूर्वेस दादाची पायरी. पश्चिमेस रस्ता. उत्तरेस गटार. दक्षिणेस मास्तरीणबाईंची भिंत. आत गुलाब, मोगरा, शेवंतीची रिकामी जागा आणि एक जास्वंद, जी कुणी लावली नाही आणि कुणाला जुमानत नाही. गटाराच्या कोपऱ्यात फरशांचे नमुने रचलेले आहेत. ते दादाचे. त्यांवर माझा हक्क नाही, इच्छाही नाही.

फरशा कशाला, तर दादा विमा विकतो, त्याला गाडी घ्यायची आहे आणि गाडीला अंगण हवं आहे. मागच्या सुट्टीत मी नळावर दात घासत होतो आणि हा दोरी घेऊन अंगण मोजत होता. विचारलं, "काय रे?" तर म्हणाला, "सहज. बाग केवढी झालीय ते बघतोय." दोरीला गाडीच्या लांबीवर गाठ मारलेली होती.

मी काही न लिहिता वरून खाली आलो, तर अंगण दादाकडे जाईल आणि माझ्या फोटोचा हार सुकायच्या आत गुलाबांच्या जागी टायर उभे राहतील. म्हणून हा कागद. माझं बाकीचं वाटायला कागद लागला नसता, पिशवी पुरली असती.

कलम दुसरे: बँकेतली शिल्लक.

जी काय निघेल ती दादाला. हे कलम मुद्दाम वर घेतलं आहे, कारण त्याशिवाय तो पुढचं वाचणार नाही. विम्याचंही त्यालाच मिळेल. नॉमिनीच्या रकान्यात त्याने स्वतःचं नाव स्वतःच भरलं आणि माझ्यापुढे फक्त सहीची जागा सरकवली. वर म्हणाला, "काळजी करू नकोस, तुझ्या मागे मी आहे." एवढं खरं बोलणारा एजंट मी दुसरा पाहिला नाही.

कलम तिसरे: चुका.

वकिलाने बाबांच्या कागदात चुकांचं कलम घातलं नव्हतं. मी घालतो, कारण या हंगामात मी दुसरं फारसं काही पिकवलेलं नाही.

पहिली चूक पाण्याची, ती माझ्या एकट्याची. इथे ऊन असं की लोखंडाला हात लावला तर कातडी मागे ठेवून यावं लागतं. शिडीवरून घामाने निथळत उतरायचं आणि घरी फोन लावून ओरडायचं, "पाणी घाला शेवंतीला, दोन्ही वेळा घाला, जीव जाईल तिचा." वहिनी म्हणायची, "भाऊजी, इकडे ढग आहेत." मी म्हणायचो, "ढगांचं मला सांगू नकोस." मग ती घालायची. शेवंतीचा जीव गेला, पण तहानेने नाही. वहिनीने उपटली तेव्हा मुळं भिजवलेल्या पावासारखी हातात आली. माझ्या डोक्यावरचं ऊन मी तिथल्या झाडांना लावलं. ही चूक कुणाला देत नाही, माझ्याबरोबर जाळावी.

दुसरी मोगऱ्याची. मोगऱ्याला बहर यावा म्हणून आधी काही दिवस पाणी तोडतात. त्याला ताण देणं म्हणतात. मी दादाला फोनवर सांगितलं, "मोगऱ्याला जरा ताण दे." दादा पदवीधर. त्याने सुतळीचा गुंडा आणला, चारही बाजूंना खिळे ठोकले आणि मोगरा असा ओढून बांधला की फांद्या तंबोऱ्यासारख्या वाजाव्यात. पाणी रोज चालूच. संध्याकाळी फोन आला, "दिलाय ताण. अजून देऊ?" ही चूक दादाकडे सुतळीसकट राहावी. गाडी घेतल्यावर मागे काही बांधायला उपयोगी पडेल.

तिसरी गुलाबाची, आणि यात आम्ही दोघे भाऊ सारखे भागीदार. फांदीवर पानाच्या बेचक्यात जो फुगवटा असतो तो डोळा. त्याच्या जरा वर कापायचं, म्हणजे तिथून नवी फांदी फुटते. मी म्हणालो, "बाहेरच्या डोळ्यावर काप." मला म्हणायचं होतं डोळ्याच्या वर. त्याने ऐकलं डोळ्यावर. खाली बसून, चष्मा लावून, एकही न चुकवता त्याने प्रत्येक डोळ्याच्या मधोमध कात्री चालवली. पायरीकडचे सगळे गुलाब आंधळे झाले. मी भाषेला दोष देतो, तो मला देतो.

आणि एक जुनी सवय, हंगामाची नाही, जन्माची. रोप लावलं की मला चार दिवस दम धरवत नाही. उकरून बघतो, मूळ धरलं का. बघितलं की धरत नाही. मग जागा बदलतो. नोकऱ्यांचंही मी तसंच केलं. ही सवय घ्यायला कुणी तयार असेल तर त्याने स्वखर्चाने न्यावी.

कलम चौथे: जंगम.

खुरपं, झारी आणि छाटणीची कात्री वहिनीला. कात्री दादाच्या हाताला लागेल अशा ठिकाणी ठेवू नये. दोर, पट्टा, टोपी कंपनीची. ती मी पडलो तर पंचनाम्याला लागतील. रेडिओ इथल्या खानावळीतल्या स्वयंपाक्याला द्यायचा होता. पण कारकून म्हणाला, ज्याला काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही. स्वयंपाकी बराच वेळ वरण ढवळत राहिला आणि म्हणाला, "रेडिओ ठेव तुझा. मी सही करतो. सरकारी कागदावर माझं नाव आजपर्यंत कुणी मागितलेलं नाही." सबब रेडिओ वरच्या पलंगावरच्याला. त्याचं पेन मी वापरतोच आहे.

कलम पाचवे: मास्तरीणबाई.

दक्षिणेच्या भिंतीपलीकडच्या बाई माझ्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. मला त्यांनी जास्तीत जास्त वेळ वर्गाबाहेर ठेवलं आणि बाहेर उभा आहेस तर कुंड्यांना पाणी घाल म्हणाल्या. म्हणजे माझं जे काही शिक्षण झालं ते त्यांच्याच हातून झालं. दाखला देताना बाबांना म्हणाल्या, "हा कुठेच मूळ धरणार नाही." त्यांचा अंदाज बरोबर निघाला, हे मी इथे नमूद करतो, त्यांना कळवण्याची घाई करू नये.

निवृत्त झाल्यापासून बाई भिंतीवरून हात घालून आमचे गुलाब नेतात. वहिनीने पहिल्यांदा पकडलं तेव्हा म्हणाल्या, "वास घेत होते गं." वहिनी म्हणाली, "कात्रीने?" आता खरी मजा ऐका. भिंतीकडची गुलाबाची बाजू या हंगामात नुसती लगडली. बाई फूल उमललं की लगेच नेतात, देठासकट, पानाच्या वर नीट तिरकं कापून. झाडाला वाटतं आपलं काम अपुरं राहिलं, मग ते पुन्हा फुलतं. चोराची बाजू बहरली आणि मालकाची वाळली. तेव्हा बाईंची चोरी यापुढे वहिवाट समजावी. अट एवढीच, की फूल नेताना अंगणाकडे तोंड करून मोठ्याने "नेते गं" म्हणावं. वर्गात हजेरीला आम्हाला ओरडायला लावायच्या तसं.

कलम सहावे: अंगण.

हे कलम लिहायला मी सकाळपासून बसलो आहे.

वहिनी औषधांच्या कारखान्यात गोळ्यांच्या पट्ट्या तपासते. पट्टा पुढे सरकत असतो, एखाद्या पट्टीत गोळीची जागा रिकामी दिसली की ती उचलून बाजूला टाकायची. दिवसभर रिकाम्या जागा शोधणारी ही बाई घरी येते तेव्हा तिच्या स्वतःच्या नावावर काय आहे? घर दादाच्या नावावर. गाडी येईल तीही त्याच्या. स्कूटर चालवते ती, कागद त्याचे. तिने एकदा विषय काढला तर दादा हसून म्हणाला, "अगं, माझ्या नावावर म्हणजे तुझ्याच नावावर की."

मोगऱ्याचं पुढे काय झालं ते तिने मला सांगितलंच नाही. एकदा व्हिडिओ कॉलवर बोलता बोलता तिच्या हातातला फोन कलला आणि मागे मोगरा दिसला. सुतळी नाही, खिळे नाहीत, पांढराशुभ्र.

"मोगरा सोडला कुणी?"

"मी."

"मला विचारलं नाहीस."

"विचारलं असतं तर तुम्ही सांगितलं असतं."

मी म्हणालो, "मग पाणी कधी घालतेस?"

"मातीत बोट घालून बघते. ओलं लागलं तर नाही घालत."

"आणि मी रोज सांगतो ते?"

"ते ऐकते ना."

सबब, सदर अंगण झाडांसह माझ्या पश्चात एकट्या वहिनीच्या मालकीचं होईल. दादाला दारापासून रस्त्यापर्यंत जाण्यायेण्याचा हक्क राहील, एक माणूस आणि त्याच्या हातात एक पिशवी मावेल एवढ्या रुंदीचा. चाकं असलेली कुठलीही वस्तू आणायची तर मालकिणीची लेखी संमती घ्यावी. दादाने याचं वाईट वाटून घेऊ नये. तिच्या नावावर म्हणजे त्याच्याच नावावर की.

याखाली मी अटी घातल्या होत्या: फरशी घालू नये, गुलाब हलवू नये, मोगरा दरसाल अमुक महिन्यात छाटावा, शेवंती पुन्हा लावावी. त्या आता खोडलेल्या दिसतील. खाडाखोड माझी आहे, शेजारी सही केली आहे. कारण पुढच्या कलमात.

कलम सातवे: शेवटचे.

वरचं सगळं लिहून झाल्यावर मी घरी फोन केला आणि वहिनीला अटींसकट वाचून दाखवलं. मला वाटलं होतं ती रडेल. ती म्हणाली, "थांबा, कुकर बंद करते."

परत आली आणि म्हणाली, "हे तुम्ही मेल्यावर ना?"

"हो. मृत्युपत्र आहे."

"म्हणजे मी तुमच्या मरणाची वाट बघायची. आणि तोवर रोज ऐकायचं, पाणी घाल, पाणी नको. आणि मेल्यावर परत ते कागदावरून ऐकायचं. मला नको. तुमच्या भावालाच द्या. ते निदान ओरडतात ते समोर उभं राहून ओरडतात."

"अगं, तो फरशी घालील."

"मी पण घालीन कदाचित. एका कोपऱ्यात, बसायला. कारखान्यातून आलं की मला बसायचं असतं भाऊजी. तुमच्या बागेत बसायला जागा कुठे आहे?"

खरंच नव्हती. मी स्वतः कधी बसलो नाही, म्हणून सुचली नाही. मी पेन घेऊन तिच्या कानावर येईल अशा बेताने अटी खोडल्या. विचारलं, "आता?"

"आता जमीन मेल्यावर, पण फोन आजपासून बंद."

म्हणून नमूद करतो की, अंगण माझ्या पश्चात तिचं होईल, परंतु बागेत हुकूम देण्याचा माझा हक्क आज, मी धडधाकट असताना, वारला आहे. त्याचा शोक करू नये. चिमणी उतरून सुट्टीला आलो तर पहिलं काम बक्षीसपत्राचं करीन आणि अंगण जिवंतपणीच तिच्या नावे करून हा कागद फाडून टाकीन. तिने वाटल्यास तिथे फरशी घालावी, वाटल्यास जंगल माजू द्यावं. मला खुर्ची द्यायची की नाही तेही तिने ठरवावं.

फोन ठेवायचा राहिला होता. मोगऱ्याला खत घातलंस का, हे अगदी ओठांवर आलं, ते गिळलं. 

ती म्हणाली, "आहात का?"

"आहे."

"मग बोला काहीतरी."

मी म्हणालो, "वहिनी, तू कशी आहेस?"

तिने स्टूल ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "बसा. सांगते."

हे मृत्युपत्र मी वाचून, साक्षीदारांना ऐकवून, त्यांच्यासमोर सही करून पुरं केलं. ऐकताना मुकादमाला हसू आलं, तो दबाव समजू नये.

सही: धाकटा
(अक्षर लागत नसल्यास भिंतीपलीकडच्या बाईंना विचारावं, त्यांनी ते खूप तपासलं आहे.)

साक्षीदार:
१. टोळीचा मुकादम. सही केली आहे.
२. खानावळीतला स्वयंपाकी. सही दोनदा केली आहे; पहिली त्याला आवडली नाही.

ठिकाण: कामगारांची खोली, खिडकीजवळचा खालचा पलंग.
तारीख: चिमणीवर चढण्याच्या आदल्या दिवशी, रविवार. आकडे कारकून शिक्का मारताना घालणार आहे.