होलेचेकच्या उन्हाचा बंदोबस्त

१२ एप्रिल १९९८
निर्णय झाला. कुंपणापलीकडच्या होलेचेकचे टोमॅटो सलग तिसऱ्या वर्षी गावच्या प्रदर्शनात पहिले. वर उघडं पोट घेऊन अंगणात ऊन खात लोळणं. किळस येते. नाताळाला कुंडीत आणलेलं स्प्रूसचं झाड आज कुंपणालगत लावलं. लेबलवर उंची वीस मीटर लिहिलीय. आता पिकव म्हणावं टोमॅटो सावलीत!
ब्लाझेना म्हणाली, अहो, पण ऊन त्यांच्याच बाजूने येतं ना आपल्याकडे? लग्नाला अठरा वर्षं झाली, हिचा भूगोल अजून कच्चा.

१९ एप्रिल
होलेचेक झाड बघून गेला. शेजारी, झकास केलंत, म्हणाला, वारा अडेल. आतून हादरलाय.

९ सप्टेंबर २००६
झाड माझ्या दुप्पट. आमचे टोमॅटो हिरवेच गळाले. हवामान बिघडलंय. पहिलं बक्षीस पुन्हा होलेचेकला. परीक्षक फितूर.

२१ मे २०१३, दुपारी १
दिवा लावून जेवलो. ब्लाझेना म्हणाली, सूपमध्ये मीठ पडलं की झाडाची सुईसारखी पानं, तेच दिसत नाही. दोन्ही होतं. छपरावर शेवाळ, गाडीवर चिकट डिंक, त्यावर पाखरांची घाण. शी! पण आपलं हे, तर त्याचं काय होत असेल, या विचाराने आणखी एक वाडगा घेतला.

१४ जुलै २०१९
शिडीवर चढून पलीकडे डोकावलो. आरामखुर्ची, बीअर, तेच पोट. विचारलं, काय, सावलीचा त्रास होत असेल? म्हणाला, कुठली हो सावली, सकाळपासून नुसता भाजतोय! तुम्ही नशीबवान, शेजारी, किती गारवा तुमच्याकडे!
टोमणे मारण्यालाही काही मर्यादा असते. आणखी चार मीटर, की संपला.

२ नोव्हेंबर २०२४
नगरपालिकेला चौकातल्या नाताळासाठी उंच झाड हवंय. खूप विचार करून गावासाठी त्याग करायचं ठरवलं. आमचं झाड घेऊन जा, असा अर्ज ब्लाझेनाने तीन वर्षांपूर्वीच दिलेला होता म्हणे. तरी त्याग तो त्याग.

२५ नोव्हेंबर
क्रेन होलेचेकच्या अंगणात लावली. तोच सगळ्यांना गरम वाइन पाजत मिरवत होता. झाड उचललं, आणि आमच्या स्वयंपाकघरात ऊन आलं. भिंती पिवळ्या आहेत, हे मी विसरूनच गेलो होतो. ब्लाझेना ओट्याशी उभी राहून रडायला लागली. काय झालं विचारलं, तर म्हणाली, काही नाही हो, ऊन आलं. मला लाज वाटली. बहुतेक दगदगीमुळे असेल.

६ एप्रिल २०२५
खिडकीत टोमॅटोची रोपं आहेत. उन्हाकडे वाकतात, म्हणून ब्लाझेना रोज कुंड्या फिरवते. यंदा प्रदर्शनात उतरणार म्हणते. सत्तेचाळीस कुंड्या! बायको इतकी बडबडी आहे, हे माहीतच नव्हतं.
दुपारी होलेचेकने हाक मारली. शेजारी, झाड गेल्यापासून कसं ओकंबोकं वाटतं हो! तुम्हाला तर करमतच नसेल. म्हणून आमच्या बाजूने लावून टाकली. एक नाही, चांगली तीन!
लेबल वाचलं. पंचवीस मीटर.
घरात आलो. ब्लाझेना कुंड्या फिरवत होती. काय म्हणत होते हो होलेचेक?
वारा अडेल म्हणाले, असं सांगितलं.