विकेट पडल्यावर वाजवायचं गाणं

४ जानेवारी २०२६, रविवार

नवीन वर्ष आजपासून धरतो. एक तारखेला सर्दी होती.

संकल्प: रोज सकाळी चहाच्या आधी गीतलेखन. मोबाईल दुसऱ्या खोलीत.

गेल्या वर्षात एकही गाणं झालं नाही, पण त्याला कारण आहे. धाकटा भाऊ गोरोबा मागच्या फेब्रुवारीत गेला. हायवेला, मोटरसायकलवर. त्यानंतर कागदपत्रं, पाहुणे, कॉलेजातली माझी लॅब असिस्टंटची नोकरी, यातून वेळ निघाला नाही. दुःख आहेच. पण ते आटोक्यात आहे. सगळे म्हणतात, बब्रुवान खंबीर आहे.

आज ओळ झाली नाही. पहिला दिवस तयारीचा असतो.

६ जानेवारी, मंगळवार

संध्याकाळी साद आला. गोरोबाच्या टीमचा कॅप्टन. पोरं 'कै. गोरोबा स्मृती चषक' घेतायत. टेनिस बॉल, आठ-आठ ओव्हर, जळकोटच्याच मैदानावर, चोवीस ते सव्वीस. जळकोटमधली एकही स्पर्धा गोरोबाच्या कॉमेंट्रीशिवाय झाली नाही. ओव्हर संपली की माईकवर माझी गाणी म्हणायचा. साद म्हणाला, दादा, थीम साँग तुमचंच पायजे, दुसऱ्याचं न्हाय चालायचं.

लगेच होकार देणं बरं दिसत नाही. चहा होईपर्यंत थांबलो, मग दिला.

गाव आमची जोडी म्हणायचं. खरं तर गोरोबाचा फक्त आवाज. शब्द माझे. म्हणजे पहिली ओळ तो गुणगुणायचा, चाल त्याचीच असायची, शेवटचं कडवं त्याला बसल्याजागी सुचायचं. पण मधलं सगळं माझं.

साद गेल्यावर आई म्हणाली, लिही बाबा. वरीस होत आलं, भावासाठी तुझ्या तोंडातून एक सबुद निघाला न्हाय. मी म्हणालो, दहाव्याला बोललो की. आई म्हणाली, दहाव्याला तू मंडपवाल्याचे आभार मानले आन् खाली बसलास.

ते खरं आहे. पण मंडप चांगला घातला होता.

८ जानेवारी, गुरुवार

टीव्हीचा विषय पुन्हा निघाला. गोरोबा गेल्यापासून टीव्हीवर टॉवेल टाकलेला आहे. वर्ष होईपर्यंत घरात करमणूक नको, आपल्यात तशी पद्धत आहे. पद्धत मी फक्त आईसाठी पाळतो. आई म्हणते, मला सिरीयल बघू दे की रं, त्या सुनेचं काय झालं कळू दे. वरून असं बोलते. आतून तिला काय वाटत असेल ते मला कळतं. टॉवेल धुऊन परत टाकला.

करिश्मा म्हणाली, अहो, आईंनाच नकोय ना पद्धत, मग कुणासाठी पाळताय? बायकोला या गोष्टी लगेच कळत नाहीत.

लेखन: टॉवेलमुळे जमलं नाही.

११ जानेवारी, रविवार

भारताची मॅच होती. स्टँडवरच्या ईरण्णाच्या हॉटेलात पूर्ण बघितली, पण अभ्यास म्हणून. चौकार बसला की मैदानात काय वाजतं, किती वेळ वाजतं, हे थीम साँगसाठी बघणं गरजेचं होतं. ईरण्णा म्हणाला, मास्तर, घरी टीव्ही हाय न्हवं? मी म्हणालो, घरी सुतक आहे. तो म्हणाला, मग हितं भजी खाल्ली तर चालतीय का? दुसरी प्लेट त्यानंच आणून ठेवली.

निरीक्षण: चौकाराला फार कमी वेळ वाजतं. त्यांच्याकडे शब्दच नाहीत.

१३ जानेवारी, मंगळवार. पहाट

झालं! ध्रुवपद झालं.

गेलास का रे मैदान सोडून,
कोण देईल आता ओ?

डोळ्यात पाणी यायला पाहिजे असं आहे. माझ्या आलं नाही, पण लिहिणाऱ्याच्या येत नसतं. डॉक्टर कुठे आजारी पडतो.

अकरा कडवी करायची. बालपण, शाळा, बोरं, पहिली बॅट, वगैरे. चाल अजून नाही. चालीचं नंतर बघू, ते सोपं असतं.

१६ जानेवारी, शुक्रवार

संक्रांतीमुळे दोन दिवस गेले. आमच्याकडे सण नव्हता, पण शेजाऱ्यांकडे होता.

शेजारच्या बशीरभाईंकडे काल टीव्हीवर गाण्याची स्पर्धा चालू होती, ती उभ्यानंच थोडी बघितली. शेवटपर्यंत. एवढ्याशा मुलामुलींना काय आवाज आहेत, पण गीतं रद्दी. परीक्षक उगाच रडतात. बशीरभाईंच्या घरच्या खैरुनबी म्हणाल्या, भाई, बसून बघा ना, उभ्यानं बघितलं तरी सुतक तेवढंच मोडतं. मी निघालो.

चाल अजून लागत नाही. कोणतीही धरली की ती गोरोबाची निघते. त्यानं सगळ्या चाली वापरून ठेवल्यात. दुसऱ्या माणसाला काही शिल्लक ठेवायची पद्धत नव्हती त्याची.

१८ जानेवारी, रविवार

सादबरोबर डीजेवाला विरुपाक्ष आला. उमरग्याचा. बोलता बोलता कानडी हेल लागतो. गाणं ऐकवा म्हणाला. मी अकराही कडवी वाचून दाखवली. सहाव्या कडव्याला साद उठून पाणी प्यायला गेला. भारावून गेला असणार.

विरुपाक्ष म्हणाला, सर, छान हाय, पण मला आठ सेकंद पायजे. चौकार गेला की ढॅण ढॅण, आठ सेकंद, की बंद. तवर दुसरा बॉल येतंय ना.

मी समजावलं, भाऊ गेल्याचं दुःख आठ सेकंदांत मावत नाही. तो म्हणाला, सर, सिक्सरला बारा देतो.

साद मधला माणूस. त्यानं तोडगा काढला. चौकार-षटकाराला नेहमीचं ढॅण ढॅण, आणि माझं गाणं विकेट पडल्यावर. तेव्हा नवा बॅट्समन येईपर्यंत वेळ असतो. मला पटलं. विकेट म्हणजे शेवटी एक जाणंच की. पोरात समज आहे.

मैदान बघायला चला म्हणाले. माझी टाच दुखत होती.

२० जानेवारी, मंगळवार

रेकॉर्डिंग. बाथरूममध्ये केलं, तिथे आवाज घुमतो. गायला मीच. माझा आवाज वाईट नाही, फक्त वापरात नव्हता. आई मध्येच दार वाजवून म्हणाली, कुणाला काय झालंय का रं आत? तेवढा भाग विरुपाक्षला काढून टाकायला सांगितलं.

चाल सरळ ठेवली. एकाच सुरात. शोकगीताला तेच शोभतं.

विरुपाक्षचा फोन: सर, मशीननं सूर लावायला बघितलं, मशीन गरम झालं. मी म्हणालो, जसं आहे तसं ठेव. खरेपणा महत्त्वाचा.

२२ जानेवारी, गुरुवार

मैदानावर आजही जाणं झालं नाही. प्रॅक्टिकल जवळ आली, ब्युरेट मोजायच्या होत्या. शिवाय मला धुळीची ॲलर्जी आहे. पूर्वी नव्हती.

पुढचा विचार: गाणं गाजलं की जिल्हाभर मागणी येणार. प्रत्येक गावात स्मृती चषक असतो. नाव बदललं की झालं. धाराशिवला एखादा स्टुडिओ बघून ठेवला पाहिजे. टीव्हीवाले आले तर काय बोलायचं तेही. थोडक्यात बोलेन. मी मितभाषी आहे हे लोकांना आवडतं.

२४ जानेवारी, शनिवार

पहिला दिवस. मी गच्चीवरून ऐकलं. गच्चीवरून आवाज जास्त स्पष्ट येतो.

पहिल्या मॅचला अख्खी टीम आऊट, म्हणजे गाणं दहा वेळा वाजलं! नशीब लागतं.

परिणाम अपेक्षेपेक्षा मोठा आहे. हायवेवर एक टेम्पो थांबला, दोन म्हातारे टोप्या काढून मैदानाकडे हात जोडून उभे राहिले. पलीकडच्या गल्लीतली इरम्मा धावत घरी आली, धुरपताबाई, कोण गेलं वो? आई म्हणाली, कोण न्हाय बाई, मिडल ऑर्डर गेली. हे आई कुठून शिकली?

रेंज चांगली आहे गाण्याची. रस्त्यापर्यंत पोचतं.

त्याच दिवशी, संध्याकाळी

साद तोंड पाडून आला. म्हणाला, दादा, राग मानू नका. पोरं बॅटिंगला जायला तयार न्हाईत. उमरग्याच्या टीमनं अंपायरला लेखी दिलंय. त्यांचा ओपनर म्हणतोय, मी जिता माणूस तंबूकडं चाललोय आन् मागनं माझी मयत काढल्यावानी वाटतंय. एकाच्या आईनं तर मैदानात येऊन त्याची नजर काढली. साद म्हणाला, दुसऱ्या मॅचला तर चौथ्या विकेटनंतर बॉलरपण विकेट घ्यायला कचरायला लागले.

मी विचारलं, म्हणजे गाणं भिडतंय ना? साद म्हणाला, लई भिडतंय दादा. म्हणूनच बंद करतोय.

उद्यापासून विकेटला शिट्टी वाजणार आहे.

२५ जानेवारी, रविवार

बहिष्कार. गच्चीवरही गेलो नाही. खिडकीतून ऐकलं.

शिट्टी अत्यंत हलकी वाटते. त्यात विचार नाही.

कॉमेंट्रीला तुळजापूरचा कुणी हिंमतराव आणलाय. नुसता ओरडतो. गोरोबा ओरडायचा नाही. तो बॉलरचं नाव असं लांबवायचा की फिल्डर आपोआप दोन पावलं पुढे यायचे. आणि कॅच सुटला की शिवी न देता असा एक सुस्कारा सोडायचा माईकमध्ये की सोडणाऱ्यानं पुढच्या चार मॅच कॅच सोडू नये. हे लिहून ठेवायला पाहिजे असं मधेच वाटलं. पण ते गाण्यात बसत नाही.

निर्णय: गाणी बंद. यापुढे फक्त गद्य. किंवा समीक्षा.

आई म्हणाली, उद्या चषक द्यायला घरचं माणूस पायजे. माझे गुडघे चालत न्हाईत. तू जाशील का? मी म्हणालो, बघू. आई म्हणाली, वरीसभर बघूच चाललंय तुझं.

२६ जानेवारी, सोमवार. दुपारी

कॉलेजात झेंडावंदन करून घरी आलो तर दारात साद. हिंमतरावचा घसा बसलाय, ओरडून ओरडून. फायनल दोन वाजता. साद म्हणाला, दादा, कॉमेंट्री नको, गाणं तर न्हाईच न्हाई, नुसता स्कोर सांगा. किती बॉल, किती रन. तुम्हाला हिशेब येतो.

स्कोर सांगणं म्हणजे काय, लॅबमध्ये रीडिंग घेण्यासारखं आहे. कुणीही करील. चषक देईन, स्कोर सांगेन, चारच्या आत घरी. टाच आज बरी आहे. करिश्मानं इस्त्रीचा शर्ट न मागता दिला.

२६ जानेवारी, सायंकाळी ७

जाऊन आलो.

मैदान तसंच आहे. मला वाटलं लहान झालं असेल. टेबल, टेबलावर चादर, माईक, बाजूला प्लास्टिकची खुर्ची. आता त्या खुर्चीवर मी.

सुरुवात व्यवस्थित. तीन ओव्हर, एकवीस, एक बाद. आवाज न चढवता. विरुपाक्षनं लांबून अंगठा दाखवला. दुसऱ्या डावात तर लोक माझ्या तोंडाकडे बघायला लागले, म्हणजे शांत कॉमेंट्रीही चालते. पुढच्या वर्षी मलाच बोलावतील असं मनात आलं.

शेवटचा बॉल उरला, जिंकायला चार. बॉलर बालाजी, इथलाच पोरगा. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं: एक चेंडू, चार धावा, गोलंदाज बालाजी.

मी म्हणालो, एक चेंडू, चार धावा, आणि येतोय आपला गोरोबा.

नाव मी लांबवलंसुद्धा. त्याच्यासारखं.

पुढे काहीच बोलता आलं नाही. तोंड उघडं होतं. माईकमध्ये फक्त माझा श्वास जात होता आणि तो चारी भोंग्यांतून परत येत होता. मग श्वासही नीट नव्हता. लोकांना वाटलं माईक गेला. विरुपाक्ष पळत आला, वायर काढली, फुंकर मारली, परत लावली. परत तेच ऐकू आलं. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि वायरीला हात न लावता तिथेच खाली बसला.

बालाजी रनअपच्या टोकाला थांबून होता. अख्खं मैदान थांबलं होतं, बॅट्समनसकट. किती वेळ ते माहीत नाही. नंतर साद आला, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं बालाजीला खूण केली. बॉल पडला. कोण जिंकलं ते मी बघितलं नाही. चषक कुणाच्यातरी हातात दिला.

घरी आलो. आईनं तोंडाकडे बघितलं. मी म्हणालो, मैदानावर धूळ फार होती. घशात गेली. डोळ्यातही.

आई म्हणाली, दोन्ही डावांच्या मधी टँकरनं पाणी मारलं की रं. धूळ कुठं हुती?

तुला काय माहीत, असं विचारणार होतो, तेवढ्यात टीव्ही दिसला. टॉवेल घडी करून खुर्चीवर ठेवलेला. पोरांनी फायनल यूट्यूबवर लाईव्ह केली होती, करिश्मानं ती टीव्हीवर लावली होती. आईनं पहिल्या बॉलपासून बघितलं. इरम्मा आणि खैरुनबीसुद्धा येऊन बसल्या होत्या. तिघी माझ्याकडे बघत होत्या.

आई म्हणाली, हात धू. भाकरी गरम हाय.

हात धुतले. जेवलो.