दगडाआड लपलेला मासा

आई,

तू बाजारातून येईस्तोवर थांबली असती, पण उटनूरची बस चुकली असती. आज तिथल्या शाळेत नोकरीचा पयला दिवस, म्हणून निघाली.

हैदराबादहून माझे खाऱ्या पाण्यातले मासे सकाळीच आले. दोघंच हायेत, नारंगी, अंगावर पांढरे पट्टे. थैली आदी टाकीत तरंगत ठेवली, मग टाकीतलं पाणी तिच्यात थोडं थोडं टाकत गेली अन् शेवटी जाळीनं दोघांले सोडलं. एक लगेच दगडाआड लपला. त्याले हुसकू नको, नवी जागा हाय, आपसूक बाहेर येईन. पाणी कमी दिसलं तरी मीठ टाकू नको. पाणी उडते, मीठ तिथंच राह्यते.

काल बाबानं इचारलं, "सासरी परत जाशीन तवा हे कसं नेशीन?" त्याईले सांग, भरलेली टाकी हलवता येत नाही, अन् मले बी आता जायचं नाही.

सासरून फोन आला तर हेच सांगजो. आवाज कापू देऊ नको. माझा बी आता कापत नाही.

रुपा