हद्दीच्या दगडापर्यंत

मी, गोजराबाई हिरालाल पवार, वय सत्त्याहत्तर, धंदा शेती, राहणार इंझोरी, तालुका मानोरा, जिल्हा वाशीम, पूर्ण शुद्धीत, कोणाच्या धाकाला किंवा गोड बोलण्याला न भुलता हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. शिक्षण सातवी. गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. ज्याला शंका असेल त्याने माझ्याशी भांडून पाहावे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझा जीव प्रभू येशूच्या हाती आहे, त्याची वाटणी होत नाही. बाकीची पुढीलप्रमाणे.

१. राहते घर व बँकेत जे काही असेल ते माझी मुलगी रुचिका हिला. माझ्या डोळ्यांच्या ऑपरेशनला ती सासर सोडून येऊन राहिली होती. घराच्या पुढच्या खोलीत रविवारची प्रार्थना भरते, ती भरू द्यावी. कोणी दुसऱ्यांदा चहा मागितला तर तोंड वाकडे करू नये. ही सवय तिला माझ्याकडून लागली आहे, म्हणून लिहून ठेवते.

२. हळद शिजवायची मोठी कढई आमच्या ख्रिस्ती मंडळीला, नाताळच्या जेवणासाठी. घासून परत ठेवावी.

३. माझ्या अंत्यविधीला मंडळीचे वडील, म्हणजे पुढारी, मोहनसिंग जाधव मास्तर यांनी प्रार्थना करावी, उपदेश करू नये. कारण पुढे येईल.

४. इंझोरी शिवारातले माझ्या नावचे शेत (सातबारा सोबत जोडला आहे) कोणाला, हे सांगण्याआधी त्याच्या पूर्वेच्या धुऱ्याबद्दल, म्हणजे बांधाबद्दल, लिहिणे भाग आहे. वकील म्हणाले, बाई, मृत्युपत्रात कथा लिहीत नाहीत. मी म्हटले, मग वारसांना कळणार कसे?

धुऱ्यापलीकडे शेषराव इंगोले यांचे शेत आहे. माझे दिवंगत पती हिरालाल तरुणपणी नांगरताना दर साली त्या धुऱ्याचा एक तास कोरायचे. नांगराची एक ओळ ती केवढी, पाहणाऱ्याला कळतसुद्धा नाही. अशाने धुरा सरकत सरकत गेला आणि हद्दीचा दगड आमच्या तुरीत मधोमध उभा राहिला. शेषराव बोलायला आला की बैल हाकायची तुतारी घेऊन हे त्याच्या अंगावर जायचे. शिव्या अशा की मी कानावर पदर घ्यायचे.

मी प्रार्थनेला जायचे, तेव्हा हे मला घरी न्यायला म्हणून यायचे. आधी रस्त्यावर उभे राहायचे. मग अंगणात, मग उंबऱ्यात बसू लागले. आत यायला त्यांना काही वर्षे लागली. शेवटी नदीच्या डोहात बाप्तिस्मा झाला. सगळ्यांना वाटले, आता नवा माणूस वर येणार. वर आले ते आधीचेच हिरालाल, फक्त ओले. काठावर चप्पल सापडेना म्हणून पहिल्याच श्वासाला शिवी दिली. मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

त्या उन्हाळ्यात त्यांनी धुरा कोरला नाही. एवढेच झाले. पुढच्या उन्हाळ्यात मात्र एक तास सोडला आणि धुरा तेवढाच आमच्या बाजूला मागे घेतला. त्याच्या पुढच्या साली आणखी एक. मास्तर भरसभेत म्हणाले, "हिरालाल, चोरीचं वापस करायचं तं एका दिवसात करा. हे थोडं थोडं काहून?" आणि त्यांना प्रभुभोजनाची भाकर दिली नाही.

हे म्हणाले, "मास्तर, वावर मी आज देतो. पण मनातून सुटलं नाही तं पुढच्या साली पुन्हा कोरीन. मी मले ओळखतो. मनातून एका सालात एवढंच सुटून राह्यलं."

मास्तरांना ते पटले नाही. मला त्या दिवशी माझ्या नवऱ्याचा जेवढा आदर वाटला तेवढा लग्नात वाटला नव्हता.

शेषरावची बायको विमलबाई धुऱ्यावरून हसायची, "भाऊजी, असंच चालू द्या, माह्या नातवाच्या लग्नापर्यंत पुरं वावर भेटंल." एका दुष्काळी साली बैल धुऱ्याशी उभे करून हे बराच वेळ थांबले आणि तसेच घरी आले. "यंदा नाही होऊन राह्यलं, गोजरा," म्हणाले, आणि जेवले नाहीत. पुढच्या साली दोन तास सोडले.

बाकीचेही असेच सुटत गेले. आधी तुतारीची आर, बैलाला टोचायचा खिळा, काढून फेकली. मग शिव्या अर्ध्यावर गिळू लागले, मग गिळायलाही उरल्या नाहीत. विमलबाईच्या हातचा चहा घेऊ लागले. शेषरावची आई गेली तेव्हा न बोलावता खांदा द्यायला गेले. कोणत्या दिवशी ते बदलले असे मला विचाराल तर सांगता येणार नाही. हळद जमिनीत भरते, वरून पान तेवढे दिसते, तसेच ते होते.

जाण्याच्या आदल्या उन्हाळ्यात धुरा दगडाला लागला. यांनी दगड धुतला, चुना लावला आणि शेषरावला हाक मारली, "पाह्यून घे." शेषराव म्हणाला, "पुरं झालं, हिरालाल." हे लहान पोरासारखे रडले. मास्तरांनी पुढे भाकर दिली, पण चुकलो म्हणून कधी म्हणाले नाहीत. मला माझ्या नवऱ्याचा फार अभिमान आहे, आणि तो स्टॅम्प पेपरवर लिहिलेला राहावा अशी माझी इच्छा आहे.

५. हे गेले आणि पहिल्याच नांगरणीत आमच्या मुलाने, गजेंद्रने, ट्रॅक्टर धुऱ्यावर घातला. दगड आडवा पडला आणि शेषरावचा एक तास पुन्हा आमच्याकडे आला. मी विचारले, "काहून रे?" तर म्हणे, "ट्रॅक्टर वळत नाही, माय." शेषराव भांडायलाही आला नाही, त्याचे मला जास्त लागले. रुचिका म्हणते, "आई, त्याले वावर देऊ नको. बाबाचं सारं मातीत घातलं त्यानं." मास्तर म्हणतात, मंडळीच्या नावे करा.

मी सदर शेत मुलगा गजेंद्र हिरालाल पवार यालाच देते. अट नाही. तास परत कर, मग शेत तुझे, अशी अट घालायचे मनात आले होते. पण मग तो तास कोर्टाच्या भीतीने सुटेल, आणि भीती गेली की परत कोरला जाईल. गजेंद्र रविवारी येतो तेव्हा उंबऱ्यात बसतो. मास्तरांना तो उद्धटपणा वाटतो. मला ती जागा ओळखीची आहे.

६. मात्र दगडापलीकडचा तास माझा नाही. तो ज्याचा आहे त्याला, म्हणजे शेषराव इंगोले यांना, या मृत्युपत्राने परत मिळावा.

७. यांचा लाकडी नांगर व आर काढलेली तुतारी गजेंद्रला. शोभेला भिंतीवर टांगू नये. ट्रॅक्टर उभा करतो तिथेच ठेवावीत.

सहीच्या वेळी वाढवलेला मजकूर:

वरील मजकूर वकिलांनी मानोऱ्यात मास्तर व शेषराव या साक्षीदारांसमोर वाचून दाखवला. कलम सहाशी ते थांबले. म्हणाले, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही दिले तर ते देणे टिकत नाही; शेषरावांनी एक तर जमीन घ्यावी, नाही तर सही करावी. मी म्हटले, दुसरा साक्षीदार पाहू.

शेषराव म्हणाला, "वकीलसाहेब, थे कलम खोडा. थो तास पोरानं यंदाच्या नांगरणीत सोडला."

"कोणत्या पोरानं?" मी विचारले.

"गजेंद्रनं, वहिनी. तुमचे गुडघे धरले, तुमी यंदा कुठी आल्या वावरात? दगड बी उभा केला त्यानं. मलेच म्हणे, काकाजी, धरा जरा. मी धरला, त्यानं माती लोटली. कोणाले सांगू नका म्हणे."

मी वकिलांकडून कागद मागून घेतला. मास्तर खाली पाहत म्हणाले, "गोजराबाई, हिरालालच्या वेळी मी घाई केली." एवढे ऐकायला मी फार थांबले होते.

कलम सहा मी माझ्या हाताने खोडले असून तिथे सही केली आहे. कलम तीनमध्ये बदल: मास्तरांनी उपदेश केला तरी चालेल, थोडक्यात. गजेंद्रला मी यातले काही विचारणार नाही. पुढच्या उन्हाळ्यात त्याने पुन्हा कोरला तरी कलम पाच आहे तसेच राहील.

ठिकाण: मानोरा
दिनांक: २ जून २०२५

लिहून ठेवणार: गोजराबाई हिरालाल पवार (सही)

आमच्या समक्ष सही केली:

मोहनसिंग जाधव, निवृत्त शिक्षक, इंझोरी (सही)

शेषराव इंगोले, शेतकरी, इंझोरी (सही). मला या मृत्युपत्रातून काही मिळत नाही, आणि या घराकडून काही मिळायचे राहिलेलेही नाही.