पायरीच्या वर पाणी येत नाही

१० डिसेंबर
आजपासून रोज लिहायचं. कारण घडलं आहे. अनुष्काला बेंगळुरूच्या विद्यापीठात एम.ए. करायचं आहे, विषय आपत्ती व्यवस्थापन. अर्जासोबत निबंध मागितलाय: तुम्हाला हेच का शिकायचं आहे? हा काय प्रश्न झाला? शिकायचंय म्हणून. असो. निबंध मी लिहून देणार, इंग्रजी तिने करावं. शाळा माझी सातवीपर्यंत, पण महाडच्या वाचनालयातली कादंबऱ्यांची कपाटं संपवली आहेत. आणि महाड-पोलादपुरात आमच्यातलं कुणीही गेलं की जलदान विधीला वाचायचा जीवनपट माझ्याकडून लिहून नेतात. अनुष्काचे बाबा गेले तेव्हा मी ह्यांचा लिहिला, तेव्हापासून. लोक रडतात. बेंगळुरूचेही रडतील.

१२ डिसेंबर
अनुष्का स्वतःच काहीतरी लिहून बसली होती. चोरून वाचलं नाही. टेबलावर उघडं होतं. २०२१च्या पुराचं लिहिलंय. माळ्यावर कोण कोण बसलं, डाळीच्या डब्यात चिखल कसा गेला. तेवढ्यात तिने वही ओढली. मी सांगितलं, घरचा चिखल परक्यांपुढे काढू नये. म्हणाली, "आई, कोर्सच चिखलाचा आहे." बापावर गेली आहे.
शिवाय आमच्या पायरीच्या वर पाणी येत नाही, हे सासऱ्यांच्या काळापासून चालत आलंय. २१ साली आलं ते एकदाच. एकदा आलं, त्याला येणं म्हणत नाहीत.

१५ डिसेंबर
एसटी स्टँडजवळ नीलेशचं करिअर गायडन्स. एसी, प्लास्टिकची झाडं. नीलेश बिरवाडीचा, कालपरवापर्यंत मोबाइलची कव्हरं विकायचा. नमुने दाखवले. पहिल्यात मुलाची आजी आजारी पडते आणि त्याला डॉक्टर व्हावंसं वाटतं. दुसऱ्यात आजी आजारी पडते आणि त्याला एमबीए करावंसं वाटतं. मी विचारलं, "एकच आजी किती जणांना पुरवतोस रे?" म्हणाला, "काकू, पॅशन दाखवावी लागते. तिकडे पॅशनच बघतात." पॅशनला मराठीत काय म्हणतात विचारलं. झाडाकडे बघायला लागला. आम्ही उठलो. घरी येईपर्यंत अनुष्का हसत होती. म्हणजे तिला माझं पटलं.

१८ डिसेंबर
फोनमधल्या त्या एआयलाही लिहायला लावलं. चहा उकळायच्या आत निबंध तयार. लहानपणापासून समाजसेवेची तळमळ म्हणे. लहानपणी ही पोरगी दूध सांडायची आणि मांजरावर ढकलायची. त्याला लिहिलं, खोटं बोलू नकोस. त्याने माफी मागितली आणि परत तेच लिहून दिलं. तरी नीलेशपेक्षा वळण बरं.

२२ डिसेंबर
निबंध झाला! एका बैठकीत. सुरुवात: "सावित्रीच्या काठी जन्मलेली, मितभाषी, कष्टाळू, मनमिळाऊ अशी अनुष्का." मग बालपण, महाविद्यालय, सोसलेले आघात. शेवट: "तिच्या जाण्याने या घराचा एक कोपरा कायमचा रिकामा राहील." मीच दोनदा वाचला.
अनुष्काने वाचला. पुन्हा पहिल्या ओळीवर गेली. मला वाटलं, भारावली. मग म्हणते, "आई, मी कधी गेले गं?"
मी म्हटलं, ही शैली आहे. म्हणाली, "हो. फक्त फोटोला हार घालायचा राहिलाय."
आजकाल मुलांना भारदस्त काही नकोच असतं. किरकोळ सुधारणा करून देते म्हटलं.

२ जानेवारी
सुधारणा सुरू केली नाही. टॉर्चचे सेल बदलले. पावसाळ्यात टॉर्च घेऊन हे सारखे पुलापर्यंत जायचे, नदी बघून यायचे आणि दारातूनच पाणी कुठवर आलं ते सांगायचे. मी पुस्तकातून मान वर करत नसे. आता कोण जातंय नदी बघायला? सेल मात्र मी उतरू देत नाही. वस्तू चांगली आहे, म्हणून.

९ जानेवारी
ठरवलं होतं, आज निबंध पुरा करायचाच. तर पोलादपूरहून नणंद आल्या, चंपाबाई. आल्या आल्या, "पोरीला येवढ्या लांब धाडतेस व्हय गो वयनी?" म्हटलं, मी कोण धाडणार, निबंध जमला तर जाईल. तर म्हणतात, "मंग तुझाच निबंध कवाधरनं व्हत नाय तो?" ह्या बाईंना अक्षरओळख नाही. शैलीला वेळ लागतो हे त्यांना काय सांगायचं! अनुष्का आत्याला चहा देताना उगाच त्यांच्याकडे बघून हसली. दोघींचं काहीतरी असतं.

१६ जानेवारी
चंपाबाईंच्या सासू गेल्या, रंगूबाई. नव्वदीच्या पुढच्या. जीवनपट लगेच हवा म्हणून निरोप. नवीन लिहायला सवड कुठे? अनुष्काचा निबंध काढला, नाव बदललं, महाविद्यालयाच्या जागी भातशेती घातली. बाकी कुठे हात लावावा लागला नाही. चांगलं लिखाण कुठेही चालतं.

२१ जानेवारी
पोलादपूर. जलदान विधी. बौद्धाचार्यांनी माझा जीवनपट वाचला. "मितभाषी" म्हणताच मागे दोघे-तिघे खोकले. रंगूबाईंनी शिवी दिली की पलीकडच्या वाडीतली कुत्री गप्प बसायची. पण "घराचा कोपरा" आला आणि सगळा मांडव रडला. चंपाबाई गळ्यात पडल्या, "माझ्या सासूला तूच काय ती वळखलीस गो!" म्हणजे निबंधाची ताकद सिद्ध झाली. अनुष्का तोंडावर ओढणी दाबून गदगदत होती. रडत असणार.

२४ जानेवारी
तिला म्हटलं, आता हाच पाठव, फक्त रंगूबाईंचं नाव काढायचं. तर म्हणाली, मुदत कधीच संपली. तिने स्वतःचा पाठवला आहे. तो चिखलाचा. मला न विचारता! आता काही होत नाही. पोरीसाठी फार वाईट वाटलं. तिचं मन रमावं म्हणून सुक्या कोलंबीचे सोडे घालून वांगं केलं. मीच दोनदा वाढून घेतलं. कितीतरी दिवसांनी झोपही छान लागली.

१७ एप्रिल
निवड झाली.
मुलाखतसुद्धा झाली होती, मैत्रिणीच्या घरी बसून, लॅपटॉपवर. म्हटलं, आता तरी दाखव तो निबंध. दाखवला. त्यात लिहिलंय:
"पाणी वाढतंय हे बाबा पुन्हा पुन्हा येऊन सांगत होते. आई म्हणाली, आमच्या पायरीच्या वर पाणी येत नाही. तेव्हा पाणी पायरीवर होतं. माझी आई खूप वाचते. ती हुशार आहे. हुशार माणसं समोर आलेलं पाणी का बघत नाहीत, हे मला शिकायचं आहे."
बस. मितभाषी नाही, कष्टाळू नाही. सरळ सरळ वाक्यं. शैली औषधालाही नाही. असल्या लिखाणावर प्रवेश देतात, विद्यापीठ कसलं असेल कळतंच आहे.
परत वाचला. पाणी तेव्हा पायरीच्या चार बोटं खाली होतं. हे असते तर त्यांनी सांगितलं असतं.
नको. त्यांनी काय सांगितलं असतं कोण जाणे.

२९ जून
गेली. महाड स्टँडवर बसमध्ये बसवलं. मी रडले नाही, डिझेलच्या धुराने डोळे चुरचुरले. टॉर्च तिच्या बॅगेत घालत होते तर काढून माझ्या हातात दिली. "ठेव आई, तुला लागेल."
घरी आले. घराचा कोपरा वगैरे काही रिकामा झालेला नाही. सगळे कोपरे जागच्या जागी आहेत. मी बघून आले.

२२ जुलै, सकाळ
रात्रभर ओततंय. नगरपालिकेचा भोंगा वाजला. लगेच बेंगळुरूहून फोन: सावित्रीने इशारा पातळी ओलांडली, आत्याकडे जा. इतक्या लांब बसून मला नदी शिकवतेय. म्हटलं, अगं, आमच्या पायरीच्या...
ती फक्त "आई" म्हणाली. हेही दारात ओले उभे राहून नुसतं "अगो" म्हणायचे आणि थांबायचे.
फोन ठेवला. ढगांनी घरात अंधार केलाय, म्हणून टॉर्च घेऊन पायरी बघून आले. कोरडी ठणठणीत. सांगितलं होतं.

त्याच दिवशी, थोड्या वेळाने
पुस्तकं माळ्यावर टाकली. डाळीचे डबेही. ह्यांचा फोटो पिशवीत घेतला आहे. रिक्षा बोलावली, पोलादपूरला निघते आहे. पुराचा ह्याच्याशी काही संबंध नाही. रंगूबाई गेल्यापासून चंपाबाईंना घर खायला उठतं. त्यांना पेपर वाचून दाखवायला कुणीतरी हवं.