मायच्या काटवटीएवढी

पूर्णा,
दिवाळी तोंडावर

ती. कस्तुराअक्कांच्या पायांवर धाकट्या भावजयीचं, राजेश्रीचं, डोकं. (पायांवर म्हणजे पावलांवरच. गुडघ्यांना धक्का लागू देत नाही.)

अक्का, गुडघे कसे आहेत? (हे रिवाज म्हणून विचारलेलं नाही. मला खरंच उत्तर हवंय, कशासाठी ते पुढं कळेल.) मागं पाठवलेलं निर्गुडीचं तेल तुम्ही लावता, की दाजी टकलाला चोळून संपवतात? त्यांची खोकल्याची ढास कमी झाली का? म्हैस व्यायली का? आमच्याकडं सगळं खुशाल आहे, म्हणजे मी भुशात आहे आणि तुमचे बंधुराज आनंदात. पत्र बघून घाबरू नका, कुणाचं काही बरंवाईट नाही. फोनच करणार होते, पण तुमचा फोन म्हटला की हे घरात असतील तिथून येतात, 'स्पीकर लाव' म्हणतात आणि माझ्या वाटचंही स्वतःच बोलून टाकतात. मला जे सांगायचंय ते त्यांच्याविषयीच आहे, तेव्हा पोस्टाची पेटी बरी. पेटीला कान नसतात.

उन्हाळ्यात तुम्ही फोनवर म्हणालात ना, की भाकरीचं पीठ मळायची आपली जुनी काटवट, सासूबाईंची, चिरली, मळायला लागलं की पाणी चुलीपर्यंत जातं, आणि आता तशी लाकडाची कोण करून देतंय? तुम्ही सहज बोललात. पण बहिणीचा शब्द सहज घेतील तर ते तुमचे बंधू महारुद्र कसले! फोन ठेवला आणि उभ्या उभ्या जाहीर केलं, "अक्काला काटवट म्या करून देतो. मायच्या काटवटीएवढी." मी म्हटलं, मग राणीसावरगावला अक्कांकडं जाऊन एकदा माप घेऊन या. तर असे बघायला लागले, जणू मी त्यांना स्वतःचं नाव पाटीवर गिरवून दाखवायला सांगितलं. "मला माझ्या मायची काटवट मापून बघावं लागतंय का?" खरं सांगते, मला तेव्हाच हसू फुटलं होतं. तुमच्याकडं ते भाऊबीजेला येतात, ओसरीवर बसतात, चहा पितात, ओवाळून घेतात आणि उठतात. आतल्या खोलीत काटवट आहे की ढोल, त्यांना काय ठाऊक! पण मी मापाचा हट्ट सोडला. रेल्वेतून रिटायर झाल्यापासून या माणसाला मी एवढा ताठ उभा राहिलेला पाहिलाच नव्हता.

लाकडाचा प्रश्न माझ्या माहेरानं सोडवला. बोरीला माझ्या भावाच्या, आदिनाथच्या, बांधावरचा जुना आंबा वळवाच्या वादळात आडवा झाला. आम्ही भेटायला गेलो. घरातल्या बाया डोळ्याला पदर लावून बसल्या होत्या, कारण त्या झाडाचं लोणचं साऱ्या बोरीनं खाल्लंय, आणि आमच्या घरचे जावई मात्र पडलेल्या खोडाला कवेत घेऊन मापत होते. आदिनाथला वाटलं, आपल्या दाजींना दुःख अनावर झालं. त्यानं पाठीवरून हात फिरवला. खोड टेम्पोत चढलं तेव्हा त्याचा गैरसमज दूर झाला.

आता मापाची गोष्ट ऐका. वखारीत खोडाची जाडजूड चकती कापून आणली, अंगणात आडवी टाकली आणि हे खडू घेऊन तिच्यावर मांडी घालून बसले. मला म्हणाले, तू पण बस. मी विचारलं, का? तर म्हणे, माय खुरपायला जाताना आम्हा दोघांना काटवटीत बसवून बांधावर ठेवायची, भेगाळल्या रानात विंचवाची भीती म्हणून. मी पुढं, अक्का मागं, अक्का माझ्या पोटाला धरून. म्हणजे दोघं मावलो पाहिजेत. (अक्का, तेव्हा हे दीड वर्षाचे होते आणि तुम्ही असाल साडेपाच वर्षांच्या. आता तुमच्या भावाचं पोट दाराच्या आधी घरात शिरतं.) मी तुमच्या जागी बसले. तुम्ही माझ्यापेक्षा अंगानं जरा भरलेल्या, म्हणून त्यांनी माझ्या मागं एक उशी लावली. मग आमच्या दोघांच्या आणि उशीच्या भोवतीनं खडू फिरवला. शेजारचे बन्सीधर भिंतीवरून बघत होते. त्यांनी बायकोला हाक मारली. त्या दिवशी मी भाजी आणायलासुद्धा बाहेर पडले नाही.

आमचं लाकूड फिरवून तासायचं लेथ मशीन तुम्ही पाहिलेलं नाही. बाजारातलं नव्हे, यांनीच घडवलेलं. कडबा कापायच्या यंत्राची मोटार, भंगारातला जीपचा दांडा, कुठलं तरी लोखंडी चॅनल, आणि पट्टा मात्र कोरा करकरीत. आजवर त्याच्यावर लाटणी झाली, पलंगाचे पाय झाले, नातवंडांचे भोवरे झाले. (लाटणी एवढी वाटली, की गल्लीतले पुरुष आमच्या घरावरून मान खाली घालून जातात.) पण ही चकती मशीनवर बसेना. फिरवली की खालच्या लोखंडाला घासायची. दुसरा कुणी असता तर चकती लहान केली असती. यांनी मशीनचं तोंडच घराच्या भिंतीकडून अंगणाकडं फिरवलं, चकती बाहेरच्या बाजूला अडकवली, तरी ती जमिनीला टेकते म्हणून खाली खड्डा खणला. खड्डा बन्सीधरांच्या भिंतीलगत. त्यांना वाटलं आम्ही संडासाची टाकी बांधतोय. त्यांनी तीन घरांत तक्रार केली, आमच्याकडं सोडून.

पहिल्यांदा मोटार सुरू केली तेव्हा चकती फिरली की नाही मला सांगता येत नाही, कारण मशीन स्वतःच चालायला लागलं. ओबडधोबड लाकूड, एका अंगाला जड, त्याच्या झोकानं ते धडधडत तुळशीकडं निघालं. मग वाळूची पोती आली. मग माझा पाटा गेला, वरवंटा गेला. शेवटी काही उरलं नाही तेव्हा यांनी माझ्याकडं पाहिलं. मी स्पष्ट सांगितलं, की लग्नात सप्तपदी झाली होती, त्यात वजन म्हणून बसायचं वचन नव्हतं. (बसले. पण सांगून बसले.) आणि रेल्वेची सवय म्हणून मोटार सुरू करायच्या आधी शिट्टी! मी स्वयंपाकघराच्या दारातून हिरवा रुमाल दाखवायचा, तेव्हाच बटण दाबायचं. कुणी पाहुणा अंगणात आला की लाल. तुमची मावससासू एकदा लाल रुमालापुढं अर्धा तास फाटकाबाहेर उभी होती.

एवढी शिस्त, तरी एक दिवस व्हायचं ते झालंच. बाहेरचा आकार छान गोल उतरला होता, आतला खोलगा अर्धा झाला होता, आणि कुठला तरी नट सैल पडला. काटवट मशीनवरून सुटली, खड्ड्याच्या काठावरून उडाली आणि चाकासारखी उभी धावत फाटकातून बाहेर! मागं हे पटाशी घेऊन, यांच्या मागं मी दोन्ही रुमाल घेऊन. उताराला तिनं वेग घेतला, एक कुत्रं वाचलं, एक बादली वाचली नाही, आणि ती बन्सीधरांच्या स्कूटरला टेकून थांबली. ते बाहेर आले. आता महाभारत होणार म्हणून मी पदर खोचला. तर त्या माणसानं काटवटीच्या काठावरून हात फिरवला, पुन्हा फिरवला, आणि म्हणाले, "लय जबर चीज झालीय की वो!" त्या दिवसापासून ते रोज यायला लागले. आता मशीनवर वजन म्हणून तेच बसतात. माझी सुटका झाली. त्यांचं वजनही माझ्यापेक्षा कामाचं आहे.

अक्का, मी थट्टा करते, पण एक गोष्ट मनापासून सांगते. आतला खोलगा काढतानाचा हा माणूस तुम्ही बघायला हवा होता. पटाशी लागली की ओल्या लाकडाच्या लांब ढलप्या खांद्यावरून मागं पडायच्या, अंगणभर कैरीसारखा आंबट वास सुटायचा, आणि हे पुरते गुंतून गेलेले. मी चहा ठेवून जायची, त्यावर भुशाची साय धरायची, तोच प्यायचे. मग वाळवण सुरू झालं. ओलं लाकूड घाईनं वाळलं तर तडकतं, म्हणून ती ओल्या बारदानात गुंडाळून सावलीत ठेवली. दिवसातून कितीदा बारदान उचलून हात लावून बघायचे! पोरांच्या तापात एवढ्यांदा कपाळाला हात लावला नव्हता. सगळा पावसाळा असा काढला. काठाला एक बारीकशी चीर गेली, तेव्हा दोन घास कमी जेवले, मग ती लाखेनं भरली, आणि वर गरम करडीचं तेल इतकं पाजलं की आमच्या भाज्या महिनाभर कोरड्या झाल्या. आता ती अंगणात पालथी ठेवलीय. बोटानं वाजवली तर खणकन बोलते. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, माझा नवरा कारागीर आहे हे मला आत्ता कळलं. मला त्याचा फार अभिमान वाटतो. हे त्यांना सांगू नका, नाहीतर पुढं पिंप करायला घेतील.

तर भाऊबीजेला आम्ही काटवट घेऊन येतोय, टेम्पोनं. बन्सीधरही येणार आहेत, ते काटवटीला सोडायला तयार नाहीत. तुमच्या दाराची रुंदी तेवढी मापून कळवा. काटवट उभी करून आत नेता येईल असं हे म्हणतात. दाजींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुमची,
राजेश्री

ता. क. दाराचं सोडा हो. आत नाही गेली तर ओसरीवर राहील. पत्र लिहिलं ते वेगळ्याच कारणानं. हे म्हणतात, पोचल्याबरोबर मायची काटवट मागायची, नवी तिच्या शेजारी ठेवायची आणि ताडून बघायची. केसाचा फरक निघणार नाही म्हणतात. अक्का, तुमच्याकडं ती नेण्याआधी सासूबाईंच्या काटवटीत मी बारा वर्षं पीठ मळलंय. चार भाकरींचं घेतलं की काठावरून सांडायचं. ती उलटी करून यांच्या काटवटीत ठेवली तर बेडकासारखी दिसेल. म्हणून पाया पडते, आम्ही यायच्या आधी ती कुठंतरी लपवा. धान्याच्या कणगीत घाला, शेजाऱ्यांकडं ठेवा. विचारलं तर सुताराकडं सांधायला दिलीय म्हणा. चुलीत घातली असं मात्र म्हणू नका, ते तिथंच खाली बसतील.

ता. क. दुसरं. ते तुम्हाला काटवटीत बसायला लावणार. मला बोलले नाहीत, पण परवा एकटेच तिच्यात बसलेले मी खिडकीतून पाहिले. पुढच्या बाजूला सरकून बसले होते, मागं जागा सोडून. म्हणून गुडघ्यांचं विचारलं. दाजी हसतील, सुना हसतील, हसू द्या. तुम्ही बसा. उठवायला मी आहे, बन्सीधर आहेत.

ता. क. शेवटचं. सासूबाईंनी मला एकदा सांगितलं होतं, की पोरं काटवटीत बसायची खरी, पण मावायची कुठं, दोघांचे चारी पाय बाहेर लोंबायचे. यांना ते आठवत नाही. यांना फक्त एवढंच आठवतं की आपण दोघं पुरते मावत होतो, म्हणून यांनी पायांसकट जागा केलीय. बहिणीकडं नवं भांडं रिकामं नेऊ नये हे मला कळतं. पण ओटीची ज्वारी मी वेगळ्या पिशवीत आणतेय. तुम्ही दोघं बसून उठलात, की मग भरू.