छापायच्या आधी वाचून दाखवायचं

१२ तारीख, मंगळवार दुपार

प्रिय ताई,

तुझं शेपूट पत्र लिहितंय. दचकू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत, म्हणजे होते तसे आहेत. बाबांचा उजवा हात अजून रुसलेलाच आहे. बोलणं मात्र सुधारलंय. परवा त्यांनी मला "गाढव" म्हटलं आणि ते इतकं स्वच्छ आलं की आई आणि मी दोघी हसत सुटलो. गॅलरीतल्या कुंड्या वाळल्या. खालच्या काकूंनी मांजर पाळलंय, ते जेवतं त्यांच्याकडे आणि झोपतं आपल्याकडे. तू कशी आहेस? नव्या ऑफिसात खिडकीजवळची जागा मिळाली का?

फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. रविवारी तू विचारतेस, "सगळं ठीक ना?" आई म्हणते, ठीक. मग फोन माझ्या हातात येतो, मीही म्हणते, ठीक. तेवढ्यात तुला दुसरा फोन येतो. मला जे सांगायचंय ते मध्ये कुणी न बोलता सांगायचंय.

आधी शाळेच्या वार्तापत्राचं सांगते, ते तुझंच लेकरू. अजून चार पानीच आहे, अजून ग्रंथालयामागच्या त्याच खोलीतून निघतं. टेबलाचा पाय अजून लुळा आहे आणि त्याखाली तू सरकवलेला जाडजूड शब्दकोश अजून तसाच आहे. त्यामुळे आम्हाला कुठलाही शब्द अडला की टेबल उचलावं लागतं. मराठीचे सर तेच, लाल पेनही बहुतेक तेच. माझ्या पहिल्या बातमीत मी "पाण्यावाचून तडफडणारे निष्पाप विद्यार्थी" असं लिहिलं होतं. सर म्हणाले, "कोण तडफडलं? मला भेटव. नळ बंद होता, मुलांना तहान लागली होती, एवढंच लिही. विशेषणं डब्यात भर आणि मधल्या सुट्टीत खा." तेव्हा मी रडले होते. आता मी नव्या मुलांची विशेषणं खोडते आणि ती रडतात.

तुझा नियमही चालू आहे. शिपाईकाका निवृत्त होणार अशी खोटी बातमी तू छापलीस आणि ती त्यांना आपल्याच वार्तापत्रातून कळली, तेव्हा तू केलेला तो नियम. बातमीत ज्याचा उल्लेख आहे त्याला ती छापायच्या आधी समोर बसून वाचून दाखवायची. परवानगी मागायला नाही, चूक असेल तर कळावी म्हणून. खोलीच्या दारावर तुझ्या अक्षरातला तो कागद अजून आहे, मांजराने ओरबाडल्यासारखा दिसतो, पण वाचता येतो.

आता यावेळची बातमी.

आमच्या वर्गाची गणिताची परीक्षा पुन्हा होणार आहे. फळ्यावर सूचना लागली, "काही कारणास्तव". हे दोन शब्द म्हणजे आगीत तेल. दुसऱ्या दिवशी सगळ्या शाळेत झालं की आमच्या वर्गाने कॉपी केली. खरं असं होतं की गणिताच्या बाईंनी पेपर नीट तपासलेच नव्हते. सगळ्या उत्तरांवर बरोबरच्या खुणा होत्या. आमच्या वर्गात मागच्या बाकावर गप्पी बसते (तिला बोलताना कुणी पाहिलेलं नाही, म्हणून गप्पी). तिने एका गणिताच्या जागी "बाई, मला हे खरंच येत नाही" असं लिहिलं होतं. त्यावरही बरोबरची खूण आणि पूर्ण गुण.

आम्ही पोट धरधरून हसलो. गप्पी हसली नाही. तिच्या वडिलांनी ठरवलं की एवढे गुण म्हणजे हिनेच कॉपी केली. त्यांनी तिचा बास्केटबॉल बंद केला, आणि तिला तेवढी एकच गोष्ट येते. ती माझ्या बाकापाशी आली आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी बोलली. "तू वार्ताहर आहेस ना? मग खरं लिही ना."

मी मोठ्या बाईंच्या केबिनमध्ये गेले. त्या म्हणाल्या, "झाकली मूठ असू दे गं. इतकी वर्षं इतक्या मनापासून शिकवलं आहे त्यांनी. मी त्यांना रजेवर जायला सांगणार आहे. शाळेत बोभाटा नको." त्यांचं मन चांगलं आहे. पण त्यांच्या झाकल्या मुठीत गप्पी चिरडली जात होती, आणि ते मी त्यांना सांगितलं. त्यांनी पेपरवेट उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "लिही. पण नीट लिही."

सर म्हणाले, ही बातमी तू करायची नाहीस, चष्मिस करेल. चष्मिस आमचा दुसरा वार्ताहर. त्याने केली, चांगली केली. पण वाचून दाखवायची वेळ आली तेव्हा तो शिक्षकांच्या खोलीच्या दारातून परत फिरला. कागद माझ्या हातात कोंबून म्हणाला, "मला अपूर्णांक त्यांनी शिकवलेत. मला नाही जमणार. तूच वाच. तुझ्या तर..." आणि पुढचं गिळलं.

ताई, आपल्या शाळेत गणिताच्या बाई एकच आहेत. तुला हे वरच कळलं असेल, तरी मी अजून "बाई" लिहितेय. आई म्हणाली होती, ताईला कळवू नकोस, तिची नोकरी नवी आहे.

सरांना सांगितलं की मीच वाचून दाखवते. ते म्हणाले, मग बातमीखाली तुझं नाव आणि तू त्यांची मुलगी आहेस हेही छापायचं. मी हो म्हटलं.

शाळा सुटल्यावर घरी आले. आई स्वयंपाकघरात बाबांच्या चादरींच्या घड्या घालत होती. हल्ली चादरी फार निघतात. मी स्टुलावर बसले आणि म्हटलं, "आई, वार्तापत्राचं काम आहे." ती घड्या घालत राहिली. मी वाचलं. अख्खी बातमी एका दमात वाचली, तोंडी परीक्षेत म्हणतात तशी.

"झालं?" आई म्हणाली.

"झालं. काही चूक आहे का?"

"चूक नाही. पण अर्धीच आहे." तिने चादर मांडीवर ठेवली. "मोठ्या बाईंना विचारलंत, त्या पोरीला विचारलंत. मला कुणी विचारलं?"

"मला वाटलं, मला माहीत..."

"एका घरात राहतो म्हणून माहीत आहे, असं वाटलं तुला. वार्ताहर ना तू? विचार की मग."

मला लाजेने मेल्यासारखं झालं. पेन काढलं आणि विचारलं, "बाई, पेपर का तपासले गेले नाहीत?" आणि ताई, आई जणू कुणीतरी हे विचारेल म्हणून वाटच बघत होती. म्हणाली, बाबांना रात्री सारखं कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर पाठीला जखमा होतात. ती पेपर मांडीवर घेऊन त्यांच्या उशाशी बसायची. आधी नीट तपासायची. मग अक्षरं पळायला लागायची. "मग नुसत्या खुणा करत गेले. खूण केली की बरं वाटायचं गं. काहीतरी एक संपतंय असं वाटायचं." मग तिने डोळे पुसले, त्याच चादरीने. "त्या पोरीने लिहिलं होतं, येत नाही म्हणून. तेवढं तरी वाचायला हवं होतं मी."

मी शेजारच्या खोलीत कानात कापूस घालून झोपते. तो तिनेच आणून दिलाय, माझं शेवटचं वर्ष म्हणून.

मी पुढचा प्रश्न विचारला, कारण कुठलाही वार्ताहर तो विचारेल. "घरात मदतीला कोण आहे?"

आईने चादरीची उरलेली घडी घातली. नंतर म्हणाली, "दोन मुली आहेत. धाकटी शिकते. थोरली बाहेरगावी असते." आणि लगेच बोट वर करून, वर्गात करते तसं, "एवढंच लिही. पुढे एक अक्षर जोडू नकोस."

मी जोडलेलं नाही. मला जोडायचं खूप आहे. मी दमलेय, ताई. आई तर इतकी दमलीये की बसल्या बसल्या तिचा डोळा लागतो, हातात कप असतानाही. ती रजा घेणार नाही म्हणतेय, कारण शाळेत निदान बसायला खुर्ची मिळते, असं म्हणते आणि हसते. मला तुझा राग येतो. मग तुझी आठवण येते, आणि मग कुणाचाच राग धरायचा जीव उरत नाही. पण यातलं काहीच बातमीत बसत नाही.

म्हणून हे पत्र. बातमीत तुझा उल्लेख आला आहे आणि नियम तुझाच आहे. समोर बसून वाचून दाखवता येत नाही, कारण तू समोर नसतेस. तेव्हा इथे वाच. शेवटचा परिच्छेद असा आहे:

"बाईंचे पती अंथरुणाला खिळून आहेत. त्यांना रात्री वारंवार कुशीवर वळवावे लागते. बाईंना दोन मुली आहेत. धाकटी शिकते, थोरली बाहेरगावी असते."

"दोन" सोडलं तर विशेषण एकही नाही. सरांना दाखवलं, त्यांनी लाल पेनचं टोपणही काढलं नाही.

तुझी परवानगी मागत नाहीये. एवढंच विचारते, यात काही चूक आहे का? अंक पुढच्या शुक्रवारी छपाईला जातो, तोवर दुरुस्ती करता येते. आपल्या लिहिण्यात चूक निघावी असं मला आजवर कधी वाटलं नव्हतं. या वेळी वाटतंय. ते शेवटचं वाक्य तोवर चुकीचं ठरलं, तर मी ते स्वतःच्या हाताने खोडीन.

दाराची कडी जुनीच आहे, बाहेरून हात घालून उघडते.

तुझी वाट बघणारी वार्ताहर,
शेपूट